नाक वाढले तर हनुवटीने द्यावे : व्यक्तिचित्रात विद्रूप चेहरा कसा रंगवावा

व्यक्तिचित्रण शिकायला येणाऱ्या बहुतेकांना आधी चेहरा सुंदर कसा काढावा हे हवे असते, आणि चार-सहा महिन्यांनी त्यांतलेच काही जण जरा संकोचून विचारतात की चेहरा भेसूर कसा काढायचा. हा लेख त्या दुसऱ्या प्रश्नासाठी आहे. जळगाव, धुळे, नंदुरबारकडच्या ज्या मंडळींनी शाळेत एलिमेंटरी आणि इंटरमिजिएटच्या परीक्षा दिल्या, नंतर वही बाजूला पडली आणि आता पुन्हा ब्रश हातात घ्यावासा वाटतो, अशांना समोर ठेवून मी तो लिहिला आहे.

आधी दोन शब्द वेगळे करून घेतले पाहिजेत, कारण नवशिक्यांची अर्धी गल्लत तिथेच होते. ओळखीच्या माणसाची ठळक वैशिष्ट्ये फुगवून काढलेल्या चित्राला आपण अर्कचित्र म्हणतो. युरोपात या प्रकाराला ‘कॅरिकेचर’ हे जे नाव मिळाले ते इटालियन भाषेतल्या ‘लादणे, ओझे भरणे’ अशा अर्थाच्या क्रियापदावरून आले, आणि सोळाव्या शतकाच्या अखेरीस बोलोन्याच्या आन्नीबाले काराच्चीच्या वर्तुळात तो रुजला. त्यांचा शब्द चेहऱ्यावर काहीतरी लादा असे सांगतो, तर आपला शब्द चेहरा आटवून त्याचा अर्क काढा असे सांगतो, आणि मला आपला शब्द कामाच्या दृष्टीने अधिक नेमका वाटतो. विद्रूप किंवा भेसूर चेहरा ही याहून निराळी गोष्ट आहे. तिथे ओळख पटणे आवश्यक नसते. पाहणाऱ्याला एकाच वेळी हसू यावे आणि थोडे बिचकायलाही व्हावे, एवढेच आवश्यक असते. या प्रकाराचे ‘ग्रोटेस्क’ हे युरोपीय नाव ‘गुहा’ या अर्थाच्या इटालियन शब्दावरून पडले. पंधराव्या शतकाच्या अखेरीस रोममध्ये सम्राट नीरोच्या राजवाड्याचे गाडले गेलेले दालन सापडले, लोक दोर लावून आत उतरले आणि भिंतींवरची अर्धी माणसाची, अर्धी वेलीची चित्रे पाहून थक्क झाले. अजिंठ्याच्या शेजारी राहणाऱ्या आपल्याला गुहेतल्या चित्रांचे अप्रूप समजावून सांगावे लागत नाही.

साहित्य

साहित्य फार लागत नाही. जाड कार्ट्रिज कागद, २बी आणि ६बी पेन्सिली, कोळशाच्या दोन-चार कांड्या, मऊ खोडरबर, ट्रेसिंग पेपर, एक आलेखवही आणि न हलणारा, निदान तळहाताच्या दुप्पट आकाराचा आरसा एवढे पुरे. रंगांत टायटॅनियम व्हाइट, यलो ओकर, लाइट रेड, बर्न्ट सिएना, अल्ट्रामरीन आणि हिरवट मातकट टेरे व्हर्ट हे सहा घ्यावेत. काळा रंग पहिले सहा महिने विकतच घेऊ नये, कारण तो घरात असला की प्रत्येक सावलीत जातो.

ॲक्रिलिक वापरणार असाल तर खानदेशचा उन्हाळा लक्षात ठेवावा लागतो. एप्रिल-मे महिन्यांत पारा ४४-४५ अंशांवर गेला की ट्यूबमधून काढलेला रंग ब्रश बुडवेपर्यंत साय धरतो. यावर माझा साधा उपाय असा की स्टीलच्या ताटात जुने सुती फडके ओले करून दोन पदरी अंथरावे, त्यावर बटर पेपर दाबून बसवावा आणि रंग त्या कागदावर काढावेत. वरून दुसरे ताट पालथे घातले की रंग संध्याकाळपर्यंत ओला राहतो. तेलरंगाला ही अडचण येत नाही, परंतु नवशिक्याने विद्रूप चेहरा तेलरंगात सुरू करू नये असे माझे मत आहे. चुका पुसण्यातच वेळ जातो आणि सगळा चेहरा चिखल होतो.

पहिली पायरी : सरळ चेहरा

वाकडे काढण्यासाठी सरळ काय ते हाताला माहीत असावे लागते, म्हणून पहिले तीन आठवडे फक्त सरळ चेहरे काढावेत. मापे तुम्हाला ठाऊकच असतील. डोक्याच्या पूर्ण उंचीच्या साधारण मध्यावर डोळे येतात. समोरून पाहिल्यास चेहऱ्याच्या रुंदीत अंदाजे पाच डोळे मावतात आणि दोन डोळ्यांत एका डोळ्याचे अंतर असते. केसांच्या रेषेपासून भुवयांपर्यंत, भुवयांपासून नाकाच्या बुडापर्यंत आणि तिथून हनुवटीपर्यंत असे तीन भाग जवळजवळ सारखे असतात. कान भुवई आणि नाकाचे बूड यांच्या दरम्यान बसतो. ही मापे कोणत्याही एका माणसाला तंतोतंत लागू पडत नाहीत आणि त्यांचा उपयोगही तोच आहे. समोरचा माणूस मापापासून नेमका कुठे आणि किती सरकला आहे, हे कळण्यासाठी ती हाताशी ठेवायची असतात.

पहिला विषय म्हणून स्वतःचा चेहरा घ्यावा. तो फुकट मिळतो, कंटाळत नाही आणि रागावलाच तर घरातल्या घरात मिटते. अठराव्या शतकात व्हिएन्नात नाव कमावून पुढे प्रेसबुर्गला जाऊन राहिलेला शिल्पकार फ्रान्झ झेवर मेसरश्मिट हा आरशासमोर उभा राहून स्वतःच्या बरगड्यांना चिमटे काढी आणि वेदनेने चेहरा जसा आक्रसे तसा तो घडवी, असे त्याला भेटून आलेल्याने लिहून ठेवले आहे. १७७० नंतर १७८३ मध्ये मरण येईपर्यंत त्याने अशी साठांहून अधिक मस्तके केली. चिमटे काढण्याचा आग्रह मी धरत नाही. कैरीची फोड मीठ न लावता दाताखाली धरली तरी काम भागते. त्या क्षणी आरशात पाहावे : डोळे बारीक होतात, नाकाच्या मुळाशी आडव्या सुरकुत्या पडतात, वरचा ओठ चौकोनी होऊन वर ओढला जातो आणि मान नकळत आत जाते. या चार गोष्टींची चार वेगवेगळी रेखाटने करावीत, एकत्र नाही.

दुसरी पायरी : बाजारात बसणे

लिओनार्दो दा विंचीला चमत्कारिक चेहऱ्याचा माणूस दिसला की तो दिवसभर त्याच्या मागे फिरे आणि घरी येऊन तो चेहरा स्मरणाने काढी, असे त्याच्या जुन्या चरित्रकाराने म्हटले आहे. १४९० च्या दशकातली त्याची विद्रूप मस्तकांची रेखाटने आज इंग्लंडच्या राजसंग्रहात आहेत. त्याने चित्रकारांना दिलेला एक सल्ला मला फार व्यवहारी वाटतो : बाजूने दिसणाऱ्या नाकांचे दहा प्रकार पाठ करून ठेवावेत, म्हणजे रस्त्यात माणूस दिसला की सगळे नाक लक्षात ठेवावे लागत नाही, नुसता प्रकार टिपला तरी पुरतो.

आपल्याकडे याच्यासाठी आठवडे बाजारासारखी दुसरी जागा नाही. पालांच्या सावलीत एका कडेला बसावे, खिशात मावेल एवढी वही घ्यावी आणि एका माणसाला अर्ध्या मिनिटाहून जास्त पाहू नये. नाक, जबडा, कान आणि मानेचा बाक एवढेच टिपावे. दत्तजयंतीच्या सुमारास सारंगखेड्याच्या यात्रेत गेलात तर घोड्यांच्या व्यापाऱ्यांचे चेहरे जरूर पाहा. घोड्याच्या दातांवरून वय ठरवणारा माणूस स्वतःचे ओठही नकळत मागे ओढतो, हे मी तिथे पाहिले आणि माझ्या वहीत अशा ओठांची दोन पाने भरली आहेत.

एक चेहरा जवळून पाहू. माझ्या वहीतला हा माणूस भरताची वांगी विकायला बसलेला होता, वय पंच्याहत्तरीच्या आसपास, वरचे दात बहुतेक गेलेले. दात गेले की जबड्याची उंची कमी होते, म्हणून तोंड मिटले की हनुवटी वर येऊन नाकाच्या दिशेने झुकते आणि ओठ आत गुंडाळले जाऊन त्यांची नुसती एक रेष उरते. वयाबरोबर नाकाचे टोक आणि कानाची पाळी खाली लोंबू लागते. म्हणजे खालचा चेहरा आखूड होत असताना नाक आणि कान लांब होत असतात. विद्रूप चेहऱ्याचे गणित निसर्गाने तिथे स्वतःच मांडून ठेवलेले असते. त्या आजोबांच्या गालाच्या खळगीत तंबाखूची गोळी होती आणि फक्त उजवा गाल आतून उचललेला दिसत होता. मी चित्रात तो गाल जेमतेम दुप्पट केला, बाकी काहीही बदलले नाही.

मोबाइलने फोटो काढून घरी काढू नये असे मी सुचवेन. भिंग जवळ असले की नाक आपोआप फुगते आणि कान मागे जातात. ती अतिशयोक्ती तुमची नसते, यंत्राची असते, आणि तुम्ही तिचीच नक्कल करत बसता.

तिसरी पायरी : देणे-घेणे

आता मूळ मुद्दा. नवशिक्या विद्रूप चेहरा काढायला बसला की सगळेच वाढवतो : डोळे बटबटीत, नाक भले मोठे, दात पुढे, कान सुपाएवढे. परिणाम असा होतो की काहीच मोठे दिसत नाही, कारण मोठे दिसण्यासाठी शेजारी लहान काहीतरी असावे लागते. चेहऱ्याची जागा ठरलेली आहे. एका अवयवाला जास्त दिले तर दुसऱ्याकडून घ्यावेच लागते. मी हे शेताच्या वाटणीसारखे समजावतो. बांध सरकवता येतो, गटाचे क्षेत्रफळ वाढवता येत नाही.

हे आलेखवहीवर करून पाहा. केसांच्या रेषेपासून हनुवटीपर्यंतचा चेहरा १८ सेंटिमीटरांचा धरा. सरळ चेहऱ्यात कपाळ, नाकाचा भाग आणि खालचा भाग प्रत्येकी ६ सेंटिमीटर येतील. आता एकूण १८ कायम ठेवून ५, ५ आणि ८ अशी वाटणी करा : जबडा जड झाला, माणूस हट्टी दिसू लागला. मग ४, ९ आणि ५ करा : नाक सगळा चेहरा गिळते आणि हनुवटी घाबरल्यासारखी मागे सरते. मग ९, ५ आणि ४ करा. प्रत्येक वेळी मूळ चेहऱ्यावर चौकटी आखून त्या चौकटींच्या रेषा सरकवायच्या आणि त्या त्या चौकटीत जे होते ते नव्या चौकटीत ताणून किंवा दाबून काढायचे. ही युक्ती जुनी आहे. आल्ब्रेश्ट ड्युररच्या मानवी प्रमाणांवरील ग्रंथात, जो त्याच्या मृत्यूनंतर काही महिन्यांत १५२८ मध्येच प्रसिद्ध झाला, चौकटीच्या रेषा हलवून एकाच चेहऱ्याचे अनेक वाकडे चेहरे केलेले आहेत. संगणकावर आज एका बोटाने होणारे हे काम हाताने करण्याचा फायदा असा की कोणती रेषा किती सरकवल्यावर माणूस माणूस राहत नाही, ती जागा तुमच्या लक्षात राहते.

ट्रेसिंग पेपरवर एकाच चेहऱ्याच्या तीन पायऱ्या करा : पहिलीत बदल इतका कमी की फक्त तुम्हालाच कळावा, दुसरीत घरच्यांना कळावा, तिसरीत लहान मूल दचकावे. माझ्या अनुभवात बहुतेकांचे सर्वांत चांगले चित्र दुसऱ्या आणि तिसऱ्या पायरीच्या मध्ये कुठेतरी असते, म्हणून चौथा कागद नेहमी हाताशी ठेवावा.

ज्यांना कागदावर खोली दिसत नाही त्यांनी लिंबाएवढे डोके शाडूमातीत करावे आणि ओले असतानाच अंगठ्याने दाबावे. गाल दाबला की माती कुठेतरी बाहेर येतेच. देणे-घेणे म्हणजे काय ते यातून शब्दांपेक्षा लवकर उमगते. फ्रान्सच्या राजाचे खादाड राक्षसाच्या रूपात चित्र काढल्याबद्दल १८३२ मध्ये तुरुंगात गेलेला ओनोरे दोमिये हादेखील पुढाऱ्यांची छोटी मस्तके आधी कच्च्या मातीत करी आणि मग त्यांवरून छपाईच्या दगडावर चित्रे काढी. पोळ्याला ज्याने मातीचे बैल केले आहेत त्याला हे अवघड जाऊ नये.

भाज्या-फळांतून चेहरा जुळवण्याचा जो प्रकार जुझेप्पे आर्चिंबोल्दोने सोळाव्या शतकात केला, तोही एखाद्या रविवारी करून पाहायला हरकत नाही. भरताचे वांगे नाकाला आणि केळीची फणी मिशीला चांगली शोभते. मात्र तो खेळ आहे, त्यात फार दिवस रमू नये.

चौथी पायरी : उजेड आणि रंग

आपण चेहरा वरून येणाऱ्या उजेडात पाहायला सरावलेलो असतो. उजेड खालून आला की भुवयांच्या हाडाखाली असणारी सावली वर जाते, नाकपुड्या उजळतात आणि ओळखीचा माणूस अनोळखी होतो. वीज गेल्यावर जमिनीवर ठेवलेल्या कंदिलाच्या उजेडात घरातली माणसे पाहिलेली असतील त्यांना हे ठाऊक आहे. सरावासाठी मोबाइलची बॅटरी हनुवटीखाली, परंतु थोडी डावीकडे धरावी. अगदी मधोमध धरली तर मुखवटा दिसतो, चेहरा दिसत नाही.

रंग लावताना सुरुवात टेरे व्हर्टच्या पातळ थराने करावी. जुने इटालियन चित्रकार त्वचेखाली हाच हिरवट थर देत आणि वरून गुलाबी छटा चढवत. सुंदर चेहऱ्यात तो थर झाकायचा असतो. विद्रूप चेहऱ्यात डोळ्यांखाली, नाकाच्या कडेला आणि ओठांभोवती तो मुद्दाम उघडा ठेवायचा. आपल्याकडची सावळी, उन्हाने रापलेली त्वचा यलो ओकर आणि बर्न्ट सिएना यांतून येते, पांढरा अगदी थेंबभर लागतो; सावलीसाठी बर्न्ट सिएनात अल्ट्रामरीन घालावा. नाकाचा शेंडा, कानाच्या कडा आणि बोटांची पेरे लाइट रेडने किंचित तापवली की चेहऱ्यात रक्त येते. भरतमुनींच्या नाट्यशास्त्रात भयानकाला काळा, बीभत्साला निळा, रौद्राला तांबडा आणि हास्याला पांढरा रंग सांगितला आहे. तो नियम म्हणून पाळावा असे नाही, परंतु चित्र भीतीकडे न्यायचे की किळसेकडे हे ठरत नसेल तेव्हा सावलीत कुठला रंग मिसळावा यासाठी मला तो उपयोगी पडला आहे.

रंगवण्यापूर्वी एक दिवस अजिंठ्यासाठी काढावा. पहिल्या लेण्यात गाभाऱ्याबाहेरच्या छोट्या दालनाच्या, म्हणजे अंतराळाच्या भिंतीवर मारविजयाचा, म्हणजे मोह घालणाऱ्या माराला बुद्धाने जिंकल्याचा प्रसंग आहे. डोळे वटारलेली, दात विचकलेली माराची सेना चहूबाजूंनी धावून येते आणि मधोमध बुद्ध शांत बसलेला आहे. विद्रूप चेहरे परिणामकारक होतात ते त्या एका शांत चेहऱ्यामुळे. सव्विसाव्या लेण्यात हाच प्रसंग दगडात आहे. दोन्ही पाहून रंगात काय साधते आणि दगडात काय, याची तुलना तिथेच उभे राहून वहीत करावी. चाळीसगावकरांना याहून जवळ पितळखोरे आहे. तिथे सापडलेला बुटका, पोट सुटलेला, डोक्यावर पात्र धरलेला हसरा यक्ष आता दिल्लीच्या राष्ट्रीय संग्रहालयात आहे आणि त्याच्या हातावर ‘कण्हदास’ या सोनाराने तो केल्याचे ब्राह्मी अक्षरांत कोरलेले आहे. दोन हजार वर्षांपूर्वीच्या त्या मूर्तीत बेढबपणा आहे, क्रूरपणा कुठेही नाही, आणि नवशिक्याने आधी त्या बाजूने जावे.

चुकांपैकी दोनच सांगतो, कारण बाकीच्या तुम्ही स्वतः शोधाल. पहिली म्हणजे दात एकेक करून काढणे. दातांच्या मधल्या रेषा गडद झाल्या की तोंडाची फणी होते, म्हणून दातांची पांढुरकी पट्टी सलग रंगवून फक्त दोन ठिकाणी तोडावी. दुसरी म्हणजे दोन्ही बाजू सारख्या वाकड्या करणे. खऱ्या चेहऱ्याचे दोन अर्ध कधीच जुळत नाहीत. एक डोळा थोडा खाली असतो, ओठाचा एक कोपरा लवकर उचलला जातो. भेसूरपणा या तफावतीत दडलेला असतो, म्हणून एका बाजूला हात लावावा आणि दुसरी बाजू जवळजवळ सरळ ठेवावी.

कोणाचा चेहरा

लंडनच्या नॅशनल गॅलरीत क्वेंटिन मात्सिसने १५१३ च्या सुमारास रंगवलेले एका वृद्धेचे चित्र आहे. सुरकुतलेली छाती उघडी टाकणारा पोशाख, केव्हाच मागे पडलेल्या फॅशनचे शिंगाळे शिरोभूषण, हातात गुलाबाची कळी, आणि माकडासारखा लांबलेला वरचा ओठ. काही डॉक्टरांनी तिला हाडांचा विकार असावा असा तर्क मांडला, तर कलेतिहासाच्या अभ्यासकांनी ते म्हातारपणी मिरवण्याच्या हौसेवरचे विडंबन मानले. मी हे चित्र विद्यार्थ्यांना दाखवतो ते याचसाठी : तेच नाक, तोच ओठ, परंतु आजार म्हणून पाहिले की हसू थांबते. म्हणून भाजलेला, कोडाचा, लकव्याने वाकडा झालेला चेहरा सरावाला घेऊ नये. नंदुरबारकडच्या काठी गावच्या राजवाडी होळीला अंगभर राखेचे ठिपके आणि डोक्यावर मोरपिसांचा टोप घालून नाचणारे बावा नवस फेडत असतात. ते चित्रासाठी सजलेले नसतात, म्हणून वही उघडण्याआधी विचारावे आणि त्या रंगवलेल्या चेहऱ्याला आपली आणखी अतिशयोक्ती जोडू नये.

ओळखीच्या माणसाचे चित्र असेल तर आधी सरळ व्यक्तिचित्र पूर्ण करून त्याला द्यावे आणि नंतरच विद्रूप दाखवावे. हा क्रम मी उलटा केला होता. आखाजीला सगळे जमले असताना एका मामांना मी त्यांचे नाक कपाळाच्या दुप्पट केलेले चित्र थेट हातात दिले. त्यांनी ते लांब धरले, जवळ धरले आणि ‘हाई मनं थोबाड शे का?’ एवढे विचारून सांजोरीचे ताट बाजूला सारले. पुढे पावसाळाभर ते माझ्याशी बोलले नाहीत. भाद्रपदात मी त्यांचे सरळ चित्र करून नेले, ते त्यांनी ओसरीवर लावले. विद्रूप चित्रही त्यांनी फेकलेले नाही. ते धान्याच्या कोठीमागे, चेहरा भिंतीकडे करून ठेवलेले आहे, आणि पाहुणे जेवून उठले की मामी ते हळूच बाहेर काढते.